जिन्यातल्या आवाजाची पुनर्बांधणी

जिन्यात कुणीच बोलत नव्हते. नळाच्या घशातून हवेचा शेवटचा उसासा निघाला, टाकीकडे जाणारी लोखंडी नळी क्षणभर थरथरली आणि तीही गप्प झाली. मजल्यामजल्यावर दारात माणसे उभी होती, प्रत्येकाच्या हातात रिकामी बादली होती, आणि सगळ्यांचे डोळे तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभ्या असलेल्या जावईबापूंवर खिळले होते. पाणी येऊन गेले होते. आले तेव्हा कुणीच सांगितले नव्हते.

त्या इमारतीत पाण्याला वेळ नव्हती. ते मनाला येईल तेव्हा येई आणि रुसल्यासारखे निघून जाई. पण ते टाकीत उतरले की प्रत्येक मजल्यावरच्या छोट्या स्पीकरमधून एक जाड, सावकाश, किंचित नाकातला आवाज बोलू लागे: "पाणी आलं आहे. बादल्या भरून घ्या. नळ बंद करायला विसरू नका." हा आवाज तात्यांचा. तात्या म्हणजे जावईबापूंचे सासरे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि गृहसंस्थेचे तहहयात चिटणीस. ते वारले त्याला वर्ष उलटून गेले होते. परंतु आवाजाला ही बातमी कुणी दिली नव्हती, आणि तो इमानेइतबारे पाण्याची वर्दी देत होता. आज मात्र तो बोलला नाही.

"जावईबापू," खालच्या मजल्यावरून औषधवाल्यांनी हाक मारली. त्यांचे दुकान इमारतीतच होते आणि कुठल्याही विषयावर ते मात्रा सांगत. "आज तात्या बोलले नाहीत."

"तांत्रिक अडचण आहे," जावईबापू म्हणाले.

"तात्यांना?" अध्यक्षबाईंनी विचारले. त्या पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी विचारलेला प्रश्न ऐकला की पन्नाशी ओलांडलेला माणूसही नकळत ताठ उभा राही.

शेजारच्या दारातून कोर्टवाल्यांनी घसा खाकरला. उभी हयात त्यांनी न्यायालयात कारकुनी केली होती. "एकदा सासऱ्यांना पोचवून आलात, ते रीतसर झालं. आता दुसऱ्यांदा पोचवलंत. हे कुठल्या कलमात बसतं, बघावं लागेल."

कुणी हसले नाही. जावईबापूंनी मागे वळून पाहिले. त्यांची पत्नी उंबऱ्यात उभी होती, हातात अर्धा कप चहा. पाण्याची वर्दी आली की ती अशीच येऊन उभी राही. ती पाण्यासाठी येते असे इतके दिवस त्यांनी गृहीत धरले होते. तिच्या हातात बादली कधीच नसते, ही गोष्ट त्यांच्या आत्ता लक्षात आली. ती वळली. आत गेली आणि दार हलकेच लोटून घेतले. दार आपटले असते तर बरे झाले असते. आपटलेल्या दाराला निदान उत्तर देता येते.

जावईबापूंना स्वतःचे नाव होते. पण ते विमा कंपनीच्या तक्रार विभागातल्या पाटीवर अडकून पडले होते, तिथून घरापर्यंत ते कधी आलेच नाही. लग्नानंतर "थोडे दिवस" म्हणून ते सासऱ्यांच्या घरी राहायला आले, आणि त्या थोड्या दिवसांत डोक्यावरचे केस गेले, सासूबाई गेल्या, सासरे गेले, तरी इमारतीच्या लेखी ते जावईबापूच राहिले. पाहुण्याच्या खुर्चीवर बसून म्हातारा झालेला माणूस.

आणि अपराध म्हणावा तर काय केला होता त्यांनी? तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत तात्यांनी युनिक्स प्रणालीवर चालणारे एक संगणकयंत्र बसवले होते आणि त्याची एक तार वर घरात आणून पडद्याला जोडली होती. त्या पडद्यावर यंत्र कित्येक दिवस विचारत होते: नूतनीकरण उपलब्ध आहे, करू का? ज्या माणसाने आयुष्यात एकही पत्र अनुत्तरित ठेवले नाही, त्याला हा प्रश्न घरात ताटकळत उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा सलू लागला. एका सुटीच्या दुपारी त्यांनी "हो" म्हटले. यंत्र स्वतःशी बराच वेळ पुटपुटले, विझले, पुन्हा पेटले. त्या एका "हो"मध्ये तात्यांचा आवाज गेला, आणि घरापर्यंतची तारही मुकी झाली.

पत्नीचे त्यांच्याशी बोलणेही "जेवायला वाढलंय" इतक्यावर येऊन थांबले. तेही ती ताटाकडे पाहून म्हणे.

*

दोष कुठे आहे हे जावईबापूंना कळायला वेळ लागला नाही. तरुणपणी त्यांनी संगणकाचा एक अभ्यासक्रम केला होता आणि त्याचे प्रमाणपत्र अजून जपून ठेवले होते. तात्यांनी आपले सगळे कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, एका संगणकभाषेत लिहिले होते. ती भाषा यंत्राला स्वतःहून येत नाही. मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो. तो लिहिलेली ओळ वाचतो, यंत्राच्या कानात तिचा अर्थ सांगतो आणि मग पुढच्या ओळीकडे वळतो. नूतनीकरणात जुना दुभाष्या निवृत्त होऊन त्याच्या जागी तरुण आला होता. तात्यांनी वेगवेगळे उच्चारून साठवलेले शब्द एकमेकांना जोडून त्यांचे वाक्य करण्याची विद्या जुन्याला अवगत होती. हल्ली ती कुणी विचारत नाही म्हणून तरुणाला शिकवलीच नव्हती. तात्यांच्या एका ओळीपाशी तो अडे आणि निर्विकारपणे कळवी की असे काही त्याच्या माहितीत नाही.

म्हणजे जुना दुभाष्या परत आणायला हवा होता. आणि तो तयार मिळत नव्हता. मिळत होता त्याचा सोर्स, म्हणजे मूळ मजकूर. त्यावरून तो आपल्या यंत्रावर आपणच कंपाइल करायचा. माणूस बोलावता येत नव्हता, हाडामांसापासून घडवावा लागणार होता.

"खोलीची किल्ली हवी होती," जावईबापू अध्यक्षबाईंना म्हणाले.

"चिटणिसांच्या लेखी परवानगीशिवाय मीटरची खोली उघडता येत नाही."

"बाई, चिटणीस म्हणजे तात्या."

"मला माहीत आहे."

"ते आता परवानगी कशी देतील?"

"नियम मी केलेला नाही. त्यांनीच केलाय. अपवाद ठेवायला हवा होता, ठेवला नाही. दूरदृष्टी नव्हती म्हणायचं."

तोडगा कोर्टवाल्यांनी काढला. जिन्यातच सभा भरली, जावईबापूंना प्रभारी चिटणीस नेमण्यात आले, आणि त्यांनी स्वतःलाच उद्देशून परवानगीचा अर्ज लिहिला. मात्र हाडीमासी मुरलेली सवय: अर्ज हाती येताच त्यांनी त्यावर "प्रयोजन स्पष्ट करावे" असा शेरा मारून तो परत केला. मग प्रयोजन स्पष्ट केले. मग मंजुरी दिली. तात्यांच्या पदाची पायरी आपण चढलो, असा एक अस्फुट, थोडा लज्जास्पद आनंद त्यांना झाला. तो त्यांनी पुसून टाकायला हवा होता. पुढचे सारे त्यातूनच घडले.

खोलीत दुपारीही उजेड चाचपडत येत असे. भिंतीवर मीटरांच्या रांगा, काचेआड चकत्या फिरत होत्या, आणि प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगात नावे. निम्मी नावे इमारतीत कधीचीच राहत नव्हती. त्यांच्या चकत्या मात्र फिरत होत्या. कोपऱ्यातल्या काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती, झोपेत हलणाऱ्या पापणीसारखी.

औषधवाले सोबत आले होते. "एवढा व्याप कशाला? सुटे शब्द साठवलेत ना तात्यांनी? लावा की एकामागून एक. पुडीतल्या गोळ्या सुट्याही घेता येतात."

कल्पना वाईट नव्हती. जावईबापूंनी शब्दांची पेटी उघडली आणि आज्ञा दिली. साऱ्या जिन्यातून तात्यांचा आवाज घुमला: "विसरू. पाणी. नका. आहे. भरून. बंद. आलं." प्रत्येक शब्द खणखणीत, जिवंत, आणि आपल्या शेजाऱ्याशी ओळख नसलेला. वाताच्या भरात माणसाने बोलावे तसे. मग पाण्याच्या वर्दीत कधी न ऐकलेले शब्द येऊ लागले. "बाई. सावकाश. या." आणि शेवटी, अगदी हळू: "अगं."

वर कुठेतरी कप बशीवर आदळला. औषधवाले दुकानात गिऱ्हाईक आल्याचे सांगून निघून गेले. दुकान त्या दिवशी बंद होते.

*

कुठल्या वयाचा दुभाष्या घडवायचा, हा पुढचा प्रश्न. शहाण्याने नुकताच निवृत्त झालेला निवडला असता. पण औषधवाले धीर गोळा करून परत आले होते. "नवं औषध सोसलं नाही की आम्ही जुन्यावर जातो. आणि जुन्यावर जायचं तर अगदी जुन्यावर. जितकं जुनं, तितकं अंगाला सोसतं." कोर्टवाल्यांनी मान डोलावली, मूळ दस्त तो मूळ दस्त. जावईबापूंनी उपलब्ध असलेला सर्वांत जुना सोर्स उतरवून घेतला.

पहिली आज्ञा दिल्याबरोबर यंत्र स्वतःलाच प्रश्न विचारू लागले. दुभाष्या घडवण्याआधी घर कसे आहे हे पाहण्याची ही त्याची रीत. ओळीमागून ओळ सरकत होती आणि जावईबापू खालच्या आवाजात तिचे मराठी करून सांगत होते, कारण दारात खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींचा तसा आग्रह होता.

"झोपता येतं का? येतं. जागं करता येतं का? येतं. मूल वेगळं काढता येतं का? येतं. मुलाची वाट पाहता येते का? येते. मारता येतं का?"

"येतं का?" कोर्टवाल्यांनी विचारले.

"येतं."

"पुढे."

"भोवतालचं वातावरण शहाणं आहे का?"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. मीटरच्या चकत्या फिरत होत्या.

"आहे म्हणतंय," जावईबापू म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना बाहेरून आल्यासारखा वाटला.

मग अडथळे सुरू झाले. दाबून ठेवलेले उलगडण्याचे साहित्य सापडत नाही, असे यंत्राने कळवले. ते आणले. ते म्हणाले, मला अमुक लागते. अमुक आणले, तर त्याला हवे होते तमुक, आणि तमुकाला जे हवे होते ते आता कुणी करतच नाही. तक्रार विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला ही वाट अनोळखी नव्हती. तो आजवर टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसला होता, इतकेच. वॉर्निंगा पावसाळी किड्यांसारख्या पडद्यावर उसळत. "वॉर्निंग म्हणजे ताकीद," कोर्टवाले बजावत, "ताकीद म्हणजे शिक्षा नव्हे. चला पुढे." एरर आला की ते स्थगिती जाहीर करत आणि मंडळी चहाला जात. अध्यक्षबाईंनी पडद्यावरच्या अक्षरांतल्या शिस्तीचे कौतुक केले. जावईबापू कार्यालयातून आले की कपडे न बदलता खाली उतरत. वर घरात ताटावर ताट झाकलेले असे आणि आत दिवा मालवलेला असे.

एका सुटीच्या दिवशी दुपार कलताना कंपाइल संपले. घडवलेल्या दुभाष्याची परीक्षा घ्यायची सोयही सोर्समध्येच होती. तो सगळ्या चाचण्यांत उतरला, फक्त एकीत नाही. त्या चाचणीत त्याला आजची तारीख मान्य नव्हती. त्याच्या हिशेबी हा दिवस उगवायलाच नको होता.  पण एका विषयात नापास झालेला उमेदवार नोकरीला चालतो, असा त्यांचा अनुभव होता.

शेवटची पायरी राहिली: बसवण्याची. सूचनांमध्ये दोन मार्ग दिले होते. एक, नव्या दुभाष्याला हात न लावता जुना त्याच्या शेजारी ठेवायचा; ज्याला गरज असेल तो त्याला नावानिशी बोलावील. दुसरा, जुना थेट मुख्य जागी बसवायचा; मग यंत्र सगळ्यासाठी त्यालाच विचारील. दुसऱ्या मार्गाबद्दल सावधगिरीची ओळ होती, ती त्यांनी वाचली. खरेच वाचली. पण "शेजारी" या शब्दावर त्यांची नजर थबकली. शेजारी, बाजूला, सोयीने. कुणी हाक मारली तर. असे ते उभा संसारभर राहिले होते. सासऱ्यांच्या घरी, सासऱ्यांच्या नावाच्या दारामागे. आपल्या हाताने घडवलेल्याच्या नशिबी तरी तसले जिणे नको, असा एक कढ त्यांच्या छातीतून वर आला, आणि प्रभारी चिटणिसांनी दुसऱ्या मार्गाची कळ दाबली.

*

पाणी योगायोगाने तेव्हाच आले. "पाणी आलं आहे," तात्या म्हणाले. "बादल्या भरून घ्या."

जिन्यातून आनंदाची एक लाट वर चढत गेली. बादल्यांचे आवाज, दारांचे आवाज. जावईबापू धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचले. ती उंबऱ्यात होती, हातात चहा. "नळ बंद करायला विसरू नका," आवाज म्हणाला, आणि तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "दमलात. चहा टाकू?"

बक्षीस म्हणून माणसाला आणखी काय हवे? दुर्दैव इतकेच, की गोष्ट इथे थांबली नाही.

त्या संध्याकाळी मुख्य दाराने कोर्टवाल्यांना ओळखले नाही. दाराला आकड्यांचे कुलूप होते. प्रत्येक घराचा आपला क्रमांक. कोर्टवाल्यांनी आपला दाबला, दार ढिम्म. औषधवाल्यांचे तसेच. अध्यक्षबाईंनी दाराला समज देऊन पाहिली. पावसाची भुरभुर सुरू झाली. शेवटी कोर्टवाल्यांनी जरा बाजूला तोंड करून एक वेगळाच क्रमांक दाबला. खटका उघडला, आणि आतून तात्यांचा आवाज आला: "या बाई. जिना ओला आहे. सावकाश."

तो क्रमांक दुसऱ्या मजल्यावरच्या संगीतबाईंचा होता, आणि त्यांना जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. त्यांचा क्रमांक कोर्टवाल्यांना अजून पाठ कसा, हे कुणी विचारले नाही. मात्र दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या बंद घरासमोर, दिवा आपोआप लागला.

झाले होते असे. तात्यांनी पूर्वी बरेच कार्यक्रम लिहिले होते: दाराचा, दिव्यांचा, पाय अधू असलेल्या घड्याळवाल्यांसाठी लिफ्ट वर धाडण्याचा. यंत्राचे पहिले नूतनीकरण तात्यांच्याच हयातीत झाले. त्या वेळी त्यांनी एकट्या पाण्याचा कार्यक्रम जुन्या-नव्या दोन्ही बोलींत चालेल असा दुरुस्त केला. बाकीचे, ज्यांच्यासाठी लिहिले ती माणसेच उरली नव्हती म्हणून, तसेच सोडून दिले. पण पुसले नाहीत. यंत्र नेमल्या वेळी त्या प्रत्येकाला हाक मारत राहिले, दुभाष्याला त्यांची जुनी बोली कळेना, आणि ते मुकाट्याने परत फिरत. रोज. वर्षानुवर्षे. आता मुख्य जागी असा दुभाष्या बसला होता, की त्याला फक्त तीच बोली कळत होती. जिवंत माणसांचे काम करणारे, नंतर लिहिलेले नवे कार्यक्रम मुके झाले, आणि गेलेल्यांचे सगळे चालू झाले.

इमारतीने हेही अंगवळणी पाडून घेतले, हे मध्यमवर्गाचे सामर्थ्य. आत यायचे तर गेलेल्याच्या क्रमांकाने यावे लागे. औषधवाले घड्याळवाल्यांच्या नावाने येऊ लागले. त्यांच्यासाठी लिफ्ट दार उघडून उभी राही आणि ते नकळत थोडे लंगडत आत शिरत. सकाळी रिकामी लिफ्ट घड्याळवाल्यांच्या चौथ्या मजल्यावर जाऊन थांबे, कुणाला तरी आत यायला पुरेल इतका वेळ दार उघडे ठेवी, आणि खाली येई. पहिल्या दिवशी लोक तिच्यात चढले नाहीत. दुसऱ्या दिवशी चढले, पण एका कोपऱ्यात जागा ठेवून. जावईबापूंना एकदा अध्यक्षबाई जिन्यात भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या दिसल्या. "काय झालं बाई?" त्यांनी विचारले. "काही नाही," त्या म्हणाल्या, "जाऊ दिलं त्यांना."

आणि दिवेलागणीला, फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या स्पीकरमधून, तात्या विचारू लागले: "अगं, औषध घेतलंस का?"

हा प्रश्न सासूबाईंसाठी होता. त्या तात्यांच्याही आधी गेल्या. प्रश्नानंतर आवाज थांबे. जिना सगळा कान होई. मग, नेमका काही वेळ गेल्यावर, समाधानाने: "बरं."

पहिल्या संध्याकाळी जावईबापू ताठरून उभे राहिले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांची पत्नी पदराला हात पुसत बाहेर आली आणि त्या थांबलेल्या जागेत, सहज, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावे तसे म्हणाली, "घेतलं."

"बरं," तात्या म्हणाले.

मग ते रोजचे झाले. खोटे बोलायला नको म्हणून तिने औषधवाल्यांकडून शक्तीच्या गोळ्या आणल्या आणि दिवे लागायच्या आधी एक घेऊ लागली. हळूहळू उत्तर लांबले. "घेतलं. आज जरा पाय दुखतायत." "बरं." "घेतलं. ह्यांचं डोकं पुन्हा त्या खोलीत." "बरं." नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी ती भिंतीवरच्या जाळीदार डबीला सांगू लागली, आणि तिच्या बोलण्याची ढब, जावईबापूंना एका संध्याकाळी जाणवले, सासूबाईंची होत चालली होती. त्यांनी एकदा मागून हाक मारली, "अगं." तिने वळून आधी स्पीकरकडे पाहिले.

आपल्या घरात आपणच शेजारी बसवले गेलो आहोत, हे त्यांना त्या क्षणी कळले. मुख्य जागी कोण बसले होते, तेही कळले.

*

निकाल सभेने लावला. कोर्टवाल्यांना टपाल मिळत नव्हते, कारण टपालवाल्याला कुठल्याच गेलेल्याचा क्रमांक ठाऊक नव्हता. आणि औषधवाल्यांचा एक पाय खरोखर दुखू लागला होता. "प्रभारी चिटणिसांनी पूर्वस्थिती आणावी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "गेलेल्यांबद्दल आदर आहे. पण दार आपलं आहे."

रीत आता जावईबापूंना कळली होती. नवा दुभाष्या पुन्हा मुख्य जागी न्यायचा आणि जुना शेजारी ठेवायचा, फक्त पाण्यापुरता. सगळी तयारी करून, ऊन उतरताना, ते शेवटच्या आज्ञेवर बोट ठेवून मीटरच्या खोलीत बसले होते, तेव्हा दारात पावले वाजली.

ती त्या खोलीत पूर्वी कधी आली नव्हती. तिने भिंतीवरची नावे वाचली, आईवडिलांच्या मीटरपाशी थांबली, मग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

"झालं का?"

"एक कळ राहिली आहे. दार ताळ्यावर येईल. पाण्याचं तात्याच सांगतील."

"आणि बाकीचं?"

"बंद होईल. संगीतबाई, घड्याळवाले, सगळं."

"संध्याकाळचं?"

त्यांनी कळीवरचे बोट काढले. "ते ठेवता येतं. एक ओळ घालायची. म्हणून तर थांबलो." मग, ज्या स्वरात ते तक्रारदारांना नकार कळवत त्याच मऊ स्वरात ते म्हणाले, "पण तुला एक सांगायला हवं. ते ऐकत नाहीत. तसं लिहिलेलंच नाही. विचारायचं, थांबायचं, 'बरं' म्हणायचं, बस. तू काही बोल, न बोल."

"माहितीय मला." ती हसली, फार दिवसांनी. "असतानाही तसंच होतं. आई कुठे उत्तर द्यायची? औषधाचं विचारलं की तिला राग यायचा. उठायची आणि सरळ आत निघून जायची. ती आत पोचली की ते 'बरं' म्हणायचे. तेवढंच अंतर सोडलंय त्यांनी मध्ये." तिने पाय ताणले, दुखऱ्या गुडघ्यावर हात फिरवला. "आणि मी बसलेय रोज गोळ्या खात."

जावईबापूही हसले. खोलीत पहिल्यांदाच दोन माणसे असल्यासारखे झाले. तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा फिका उजेड होता आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. ताटाकडे नाही, भिंतीकडे नाही. याच नजरेसाठी त्यांनी हाडामांसापासून एक दुभाष्या घडवला होता. आता एकच ओळ, आणि आपली पत्नी कुणाच्या बाजूला जाईल ते ठरणार होते. ती ओळ आपण आपल्या अधिकारात लिहू नये किंवा खोडू नये, इतके शहाणपण एव्हाना त्यांना आले होते.

"मग सांग," ते म्हणाले, "ठेवू का?"

ती काही म्हणणार होती. त्यांना तिचे ओठ हललेले दिसले. तेवढ्यात बाहेर दिवे लागले आणि जिन्याच्या पोकळीतून, वरून, मजले उतरत आवाज आला:

"अगं, औषध घेतलंस का?"

दोन प्रश्न त्या लहान खोलीत शेजारी शेजारी उभे राहिले, आणि दोघांच्याही पुढे तेवढीच शांतता होती. तिच्या आईसारखीच, उत्तर न देता, ती उठली. स्टूल भिंतीला सरकवून ठेवले, पदर सारखा केला. त्यांच्याकडे पाहिले नाही, वरही पाहिले नाही. चपला सरकवल्या आणि जिना चढू लागली, संथ, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. जावईबापूंचे बोट कळीच्या वर अधांतरी राहिले होते, आणि आपण तिच्या पावलांबरोबर श्वास मोजतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले.

"बरं," वरून तात्या म्हणाले.

पावले थांबली नाहीत.